‘घरी अभ्यास घ्या’ म्हणजे नेमकं काय करू, बाई?

प्रति,
पुणे शहरातल्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि पहिली ते चौथीच्या वर्गांवरचे सगळे बाई-सर यांस,

सप्रेम नमस्कार.

अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांच्या एका दुकानात मी गेली २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. आमच्याकडचा जून तुम्हाला माहीत असेलच. फूटपाथवर तीन-तीन रांगा, प्रत्येकाच्या हातात शाळेने दिलेली यादी, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, “दुरेघी सहा, चौकोनी चार, ब्राउन पेपरचा रोल एक!” यादी वाचून दाखवण्याच्या पद्धतीवरून कुणाच्या घरात शाळेची किती धास्ती आहे, ते मला आता कळायला लागलंय. शिवाय मी स्वतः तिसरीतल्या मुलीचा बाप आहे. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना मीच.

गेल्या सीझनमधली गोष्ट. रात्रीचे पावणेनऊ, शटर अर्धं खाली ओढलेलं. एक ताई वाकून आत आल्या. खांद्याला रिकाम्या डब्यांची पिशवी, बहुतेक कामावरून थेट आलेल्या. म्हणाल्या, “दादा, पहिलीचं गाईड आहे का? बाईंनी सांगितलंय घरी अभ्यास घ्या म्हणून. मला वाचता येतं, पण अडखळतं. गाईड असलं म्हणजे मला घेता येईल.”

मी दिलं. धंदा आहे, नाही कशाला म्हणू? त्या गेल्यावर सहज एक प्रत चाळली. पुस्तकात चित्र आहे आणि खाली प्रश्न आहे, ‘चित्रात काय दिसते?’ गाईडमध्ये त्याचं उत्तर छापलेलं: ‘चित्रात झाड, विहीर व गाय दिसते.’ म्हणजे सहा वर्षांच्या पोराने चित्राकडे बघायचंच नाही, उत्तर पाठ करायचं. आणि ते पाठ करून घ्यायला त्या बाईने दिवसभराच्या कष्टाचे पैसे मोजले. त्या रात्री हिशेब जुळेना, दोनदा गल्ला मोजला. हिशेब बरोबरच होता, माझंच लक्ष नव्हतं.

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. ‘घरी अभ्यास घ्या.’ दर पालकसभेत, दर प्रगतिपुस्तकात, व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला आम्ही ते ऐकतो. कसा घ्यायचा ते मात्र कुणी सांगत नाही. मग लोक आपापल्या परीने अर्थ लावतात. कुणी गाईड घेतं, कुणी क्लास लावतं, कुणी पट्टी घेऊन पोरापुढे बसतं आणि कुणी काहीच करत नाही, कारण आपल्याला जमणार नाही असं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. या शेवटच्यांना तुम्ही ‘पालकांचं लक्ष नाही’ म्हणता. मला तसं वाटत नाही.

मागच्या वर्षी एका शाळेच्या पालकसभेत मी बसलो होतो. शाळेचं नाव कशाला, कुठल्याही शाळेत हेच झालं असतं. बाई पोटतिडकीने बोलत होत्या. मागच्या बाकावर एक गृहस्थ वॉचमनच्या गणवेशातच आलेले, ड्यूटी संपवून किंवा ड्यूटीला निघताना. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, “म्हणजे नक्की काय करू?” क्षणभर वर्गात शांतता. बाई म्हणाल्या, “रोज एक तास घेऊन बसा.” गृहस्थांनी मान डोलावली. त्यांची ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ असेल, तर तो एक तास कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. आणि त्या तासात काय करायचं, हा त्यांचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

मलाही ते माहीत नव्हतं, हे कबूल करतो. दिवाळीच्या आधी मुलगी वजाबाकी करत बसली होती. ५२ वजा २७. माझ्या आईने मला शिकवलेली रीत मी लगेच सुरू केली: दोनातून सात जात नाहीत, हातचा एक घेतला, बारातून सात गेले पाच, हातचा खाली दोनाला दिला, झाले तीन, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. झालं! पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. “बाबा, खालच्याला कशाला दिला? बाई असं नाही सांगत.” मी म्हटलं, उत्तर बरोबर आहे ना? ती रडायलाच लागली. मग उठून दप्तरातून रबर लावलेल्या आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आली. पाच जुड्या आणि दोन सुट्या. एका जुडीचा रबर काढला, काड्या सुट्यांत मिसळल्या आणि मला बजावलं, “तो एक नाहीये बाबा. ते दहा आहेत.”

चाळीस ओलांडल्यावर मला हातच्याचा अर्थ कळला. उत्तर दोघांचंही पंचवीस, भांडण फक्त मधल्या वाटेवर. पण आठ वर्षांच्या मुलीला बाईंची वाट आणि बापाची वाट यातून एक निवडायला लावणं, हा अभ्यास घेणं नव्हे. बाईंनी सभेत पाच मिनिटं त्या काड्या आम्हाला दाखवल्या असत्या, तर ती संध्याकाळ टळली असती.

असंच मोठ्या प्रमाणावर एकदा झालेलं मी काउंटरवरून पाहिलं आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणित आलं. त्यात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ असंही वाचायला दिलं होतं. केवढा गहजब झाला आठवतंय? आमच्याकडे एक आजोबा पुस्तक परत घेऊन आले, छपाईची चूक आहे, चांगली प्रत द्या म्हणून. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यामागचं कारण अगदी साधं होतं. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, त्यामुळे ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल ३६ लिहितं. शिवाय त्या शब्दांत जोडाक्षरांची गर्दी. जुनी नावं काढून टाकली नव्हती, दोन्ही रीती पुस्तकात होत्या. त्या आजोबांना हे मी सांगितलं, मला जेवढं कळलं होतं तेवढं. ते म्हणाले, “मग हे शाळेने नको का सांगायला?” पुस्तक तेच घेऊन गेले.

२०२३ पासून दोन वर्षं पुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं होती, तेव्हाही तेच. निम्म्या लोकांना वाटलं कागद वाया घालवलाय. मग ती पानं काढूनच टाकली. आणि २०२५ च्या जूनमध्ये पहिलीला हिंदी आहे की नाही, याचं उत्तर मी दिवसातून चाळीस वेळा दिलं. महिनाअखेर, २९ तारखेला शासनाने निर्णयच मागे घेतले तेव्हा कुठे सुटलो. धोरणं वरून ठरतात, तुमच्या हातात नाहीत, मान्य. पण ती घरापर्यंत पोचताना त्यांचा अर्थ तुम्हीच सांगू शकता, दुसरं कुणी नाही. नाहीतर पुस्तकविक्रेत्याला सांगावा लागतो.

मी शिक्षक नाही. काउंटरवर तुमच्यातलेच कितीतरी जण येतात, त्यांच्याशी बोलून, मुलीबरोबर चुका करून जे कळलं तेवढंच लिहितो.

मूल वाचायला कुठल्या पायरीवर आहे, हे पालकांना दाखवा. सांगू नका, दाखवा. मुलांना वाचता येतं का, हे पाहणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणाचे कार्यकर्ते खेड्यांत घरोघर जातात ते असं काय घेऊन जातात? एक कागद. त्यावर सुटी अक्षरं, साधे शब्द, एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. दहा मिनिटांचं काम. त्यांच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं ती गोष्ट वाचू शकली. शहरं त्यात नसतात, त्यामुळे पुण्याचं मी बोलत नाही. माझा मुद्दा त्या कागदाचा आहे. मुलाला समोर उभं करून ‘हे वाच’ म्हटलं की अक्षर ओळखता न येणाऱ्या आईलाही कळतं, पोरगा कुठे अडला. तो चुकून अडखळला की अंदाजाने ठोकून दिलं, तेही कळतं. ‘वाचनात प्रगती हवी’ या शेऱ्यातून काय कळतं? किंवा ‘आकारिक मूल्यमापन: ब-१’ यातून? मी पुस्तकं विकणारा माणूस, मला त्या शब्दाचा अर्थ एका सरांना विचारावा लागला.

‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे की तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून वाचावेत. तुमच्यासाठी ठीक आहे. पालकांच्या हाती मात्र हा आकडा एवढाच देऊ नका. दुसऱ्या दिवशी कात्रजपासून धानोरीपर्यंत घराघरांत मोबाइलचं स्टॉपवॉच लागेल आणि ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द कुणाच्या लक्षात राहणार नाहीत.

त्या डब्यांच्या पिशवीवाल्या ताईंना बाईंनी काय सांगायला हवं होतं? मला वाटतं, एवढंच: “मुलाला रोज दहा मिनिटं तुमच्याजवळ बसून मोठ्याने वाचू द्या. तुम्ही पोळ्या लाटत असलात तरी चालेल. अडला तर लगेच सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, मग पुढे काय झालं?” याला गाईड लागत नाही. आईला वाचता येण्याचीही गरज नाही, ऐकता आलं की पुरे. आपल्याला अडखळत येतं याची तिला लाज वाटत होती. तिला जर कुणी सांगितलं असतं की तुम्ही दोघं मिळून अडखळत वाचा, तर ती ते गाईड न घेता गेली असती. आमची एक विक्री बुडाली असती, बुडू दे.

अंकांचंही तसंच. मंडईत भाजी विकणाऱ्या मावशी अर्धा किलो, पाव किलो, छटाक आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी इतक्या झपाट्याने करतात की माझं कॅल्क्युलेटर मागे पडतं. त्यांच्या नातवाला अपूर्णांक येत नाहीत असं शाळेत सांगितलं की त्या म्हणतात, “आम्ही अडाणी, आम्हाला काय येणार?” अहो, पाव किलो म्हणजेच तो अपूर्णांक! हे त्यांना शाळेनेच सांगायला हवं. एकदा पालकसभेत त्यांना वजनं-मापं घेऊन पुढे उभं करा आणि मुलांना त्यांच्याकडून गिऱ्हाईक होऊन माल घेऊ द्या. बघा कुणाची मान वर होते ते.

फोन सगळ्यांकडे आहे, त्याच्या नावाने आपण सगळे कपाळ बडवतो. त्याच फोनवर बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात. १९७१ पासूनच्या ‘किशोर’चे जुने अंक मिळतात. स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी आहेत, पायरीप्रमाणे लावलेल्या. पुस्तक विकणाऱ्याने हे सांगावं म्हणजे जरा गंमतच. पण ज्यांना पुस्तक परवडत नाही ते तसंही माझं गिऱ्हाईक नाहीत, आणि ज्यांच्या पोराला वाचायची गोडी लागेल ते आज ना उद्या येतीलच.

आता जरा रागाने लिहितो. इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत पालकांना सांगतात, घरी इंग्रजीच बोला. ज्यांना येत नाही त्यांना! परिणाम काउंटरवर रोज दिसतो. आई पोराशी बोलते ते फक्त “कम”, “सिट”, “डोन्ट टच”. एरवी जी बाई शेजारणीशी तासभर रंगवून रंगवून बोलेल, ती स्वतःच्या लेकराशी चार शब्दांत उरकते, कारण पाचवा शब्द येत नाही. त्या पोराला गोष्ट कोण सांगणार? ‘का’ आणि ‘कसं’ला उत्तर कोण देणार? ज्या भाषेत आईला विनोद करता येतो, रागावता येतं, कोडं घालता येतं, त्या भाषेत तिला भरपूर बोलू द्या. इंग्रजी शिकवणं हे शाळेचं काम, तिची फी घेता ना? सेमीच्या पहिलीलाही तेच. गणिताचं पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून बापाने जिने मोजणं बंद करायचं कारण नाही.

प्रकल्पांबद्दल थोडक्यात. ‘पाण्याचे स्रोत’चं चित्रपत्रक घ्यायला रात्री नऊ वाजता येतात ते पालक असतात, मूल घरी झोपलेलं असतं. कापणार आई, चिकटवणार बाबा, शेरा मुलाला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, असं म्हटलं आहे. ते पाळलंत तर आमची चार्ट पेपरची विक्री घटेल. चालेल म्हटलं ना.

शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांच्या कर्तव्यांमध्ये पालकांच्या नियमित सभा घेणं आहे आणि त्यात मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगणंही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. कागदावर आम्ही मालकच म्हणायचे! प्रत्यक्षात सभा शनिवारी सकाळी अकराला असते. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, रिक्षावाले दुपारी, दुकानातली माणसं रविवारी. अकराला आलो की अर्धा दिवस बुडतो, आणि अर्ध्या दिवसाच्या बदल्यात मिळतं काय, तर फी, गणवेश, सहलीची परवानगी आणि शेवटी ‘घरी लक्ष द्या’. एकदा आलेला बाप दुसऱ्यांदा का येईल?

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. काउंटरवर बाई-सर येतात ते मतदारयाद्यांची, सर्वेक्षणाची, ऑनलाइन माहिती भरायची रड सांगतच येतात. वर्गात चाळीस-पन्नास पोरं. प्रत्येक पालकाला वेगळं सांगायला वेळ कुठून आणणार? म्हणून मी फार मागत नाही. आठवड्याला एकच गोष्ट सांगा. कोविडमध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात एक प्रयोग झाला होता, आमच्याकडे येणाऱ्या बी.एड.च्या एका विद्यार्थिनीने मला सांगितला. आठवड्यातून एक फोन, वीसेक मिनिटांचा, पालक आणि मूल दोघं फोनवर, आणि गणिताचं एखाद-दुसरं साधं उदाहरण सोबत सोडवायचं. मुलांच्या गणितात फरक पडला. नुसत्या मेसेजने तेवढा पडला नव्हता, हेही तिने सांगितलं. ग्रुपवर सत्तावीस सूचना टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वीस मिनिटांचा फोन तुम्हाला जमणार नाही, पण जे मूल फारच मागे आहे त्याच्या घरी महिन्यातून एक पाच मिनिटांचा? आणि त्यात तक्रार नको. शाळेचा फोन आला की आमच्या पोटात गोळा येतो, इतकी आम्हाला तक्रारींची सवय झाली आहे.

आमच्या दुकानापासून भिडे वाड्याची जागा चालत पाच मिनिटांवर आहे. १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा भरली, तेव्हा मुलीला शाळेत पाठवायला घरच्यांचं मन वळवणं हेच मोठं काम होतं. आज मन वळवायला लागत नाही. जूनमधली ती रांग बघायला या एकदा, पावसात भिजत उभे असतात लोक.

आता एक कामाचं बोलतो. पहिली ते चौथीचे सेट आम्ही पिशवीत भरून देतो. तुम्ही चार-पाच शाळांच्या बाईंनी मिळून अर्ध्या पानाचा मजकूर लिहून द्या, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात: त्या इयत्तेच्या मुलाबरोबर घरी रोज काय करायचं. खाली दोन ओळी रिकाम्या ठेवा, त्या पहिल्या सभेत तुम्ही मुलागणिक हाताने भराल. छपाईचा खर्च माझा. शेजारच्या दोन दुकानांशीही बोललो आहे, तेही पिशवीत घालायला तयार आहेत. मजकूर १ जूनच्या आत मिळाला पाहिजे. दहा तारखेनंतर मला मान वर करायला सवड नसते.

कळावे,
आपला,
अप्पा बळवंत चौकातला एक पुस्तकविक्रेता

ता. क. – मजकुरात ‘स्वयंअध्ययन’, ‘अध्ययन निष्पत्ती’ असले शब्द दिसले तर कागद परत पाठवीन, राग मानू नये.